शियामेनचे बंदर आणि समोरचा किनारा

इंग्रजीतील 'टी' आणि मराठीतील 'चहा' हे शब्द कानाला कितीही वेगळे वाटले, तरी चिनी लिपीत ते एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत. चीनच्या बहुतेक भागांत त्या अक्षराचा उच्चार 'चा' असा होतो. मराठी 'चहा', फारसी 'चाय' आणि पोर्तुगिजांचा शब्द यांचे कूळ तेच. आग्नेय किनाऱ्यावरील फूजियान प्रांताच्या दक्षिण भागात मात्र लोक आपल्या बोलीत 'ते' म्हणतात. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी या किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांकडून माल घेतला आणि मालाबरोबर त्याचे नावही उचलले. पुढे ते पश्चिम युरोपभर रूढ झाले. ज्या बोलीने हा शब्द जगाला दिला तिच्या मुलखातील आजचे प्रमुख बंदर म्हणजे शियामेन. युरोपियांच्या जुन्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख अमॉय या नावाने येतो.

शियामेन हे मूळचे बेट. ज्यूलाँग नदी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाशी ते वसलेले आहे. भोवतालच्या लहान बेटांमुळे लाटांना आडोसा मिळतो, पाणी खोल आहे आणि मोठी जहाजे किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊ शकतात. पाठीमागचा प्रदेश मात्र कृपण. फूजियानमध्ये आठ वाटे डोंगर, एक वाटा पाणी आणि एक वाटा शेत, असे चिनी लोक म्हणतात. अशा भूमीत जन्मलेल्या माणसापुढे फार पर्याय नसतात. त्याने टेकडीवर चहा लावावा किंवा होडीत पाय ठेवावा. या किनाऱ्यावरील लोकांनी पिढ्यान् पिढ्या दोन्ही केले. २०२० च्या जनगणनेत शियामेन महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ५१ लाखांवर गेली होती. वीस फुटी मापाने मोजल्यास या बंदरातून अलीकडच्या वर्षांत दरवर्षी १ कोटी २० लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा झाली आहे. जगातील मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते.

भूगोलाचे पाठ्यपुस्तक येथे थांबेल. खोल पाणी, सुरक्षित आसरा, म्हणून भरभराटीचे बंदर, हा कार्यकारणभाव शाळेत शिकवायला सोपा आहे. शियामेनच्या इतिहासाला मात्र तो लागू पडत नाही. पाण्याची खोली तीच, वारे तेच आणि नदीचे मुखही तेच असताना हे बंदर कधी ओस पडले आणि कधी गजबजले. जे बदलले ते राजधानीतून सुटणारे हुकूम आणि समुद्रापलीकडच्या किनाऱ्याशी असलेले नाते.

हुकुमाने बंद, हुकुमाने खुले

या किनाऱ्याचे वैभव शियामेनपासून सुरू होत नाही. उत्तरेला थोड्या अंतरावर च्युआनझौ आहे. अरब व्यापारी त्याला झैतून म्हणत आणि मार्को पोलोच्या वृत्तान्तात त्याचे वर्णन जगातील थोर बंदरांपैकी एक असे आले आहे. दक्षिण भारतातील व्यापाऱ्यांची तेथे वस्ती होती. १२८१ साली त्यांनी तेथे उभारलेल्या शिवमंदिराचा तमिळ आणि चिनी अशा दोन लिपींतील शिलालेख आजही उपलब्ध आहे. मंदिर राहिले नाही, पण त्याचे कोरीव दगड शहरातील संग्रहालयात आणि एका बौद्ध मठात पाहावयास मिळतात. पुढे च्युआनझौ मागे पडले. मिंग राजवटीने खाजगी सागरी व्यापारावर बंदी घातली आणि ही बंदी दीर्घकाळ टिकली. परिणाम अर्थशास्त्राच्या कोणाही विद्यार्थ्याला सांगता येईल असाच झाला. व्यापार संपला नाही, तो चोरटा झाला. अखेर १५६७ साली सरकारने शियामेनजवळच्या युएगांग या लहानशा बंदरातून परवान्याने व्यापार करू दिला. चारच वर्षांनी स्पॅनिश लोकांनी मनिला येथे ठाणे वसवले आणि अमेरिकेतील चांदी पॅसिफिक महासागर ओलांडून चिनी रेशमाच्या मोबदल्यात या खाडीत येऊ लागली.

सतराव्या शतकात राजवट बदलली. मांचू सत्तेला न जुमानणारा झेंग छंगगाँग हा दर्यासारंग शियामेन आणि शेजारचे किन्मेन बेट हाताशी धरून लढत होता. युरोपात तो कोक्सिंगा या नावाने प्रसिद्ध आहे. १६६२ साली त्याने तैवानमधून डचांना घालवून दिले. त्याला रसद मिळू नये म्हणून मांचू सरकारने जो उपाय योजला तो आजही चकित करतो. किनाऱ्यावरची गावेच्या गावे उठवून लोकांना सक्तीने आत नेण्यात आले आणि घरे जाळण्यात आली. एका शत्रूला समुद्रावर कोंडण्यासाठी हजारो कोळी आणि मिठागरवाले कुटुंबांना भिकेस लावणारी ही राजनीती होती. १६८३ साली तैवान मांचूंच्या हाती आले आणि बंदी उठली. शियामेन पुन्हा गजबजले. १७५७ मध्ये पुन्हा हुकूम सुटला की, पाश्चात्त्यांनी केवळ कँटन बंदरातच व्यापार करावा.

ही कोंडी फुटली ती तोफांनी, आणि त्या तोफांमागच्या पैशाशी मुंबईचा संबंध आहे. चहासाठी चीनला जाणारी चांदी वाचवायची, तर चीनला काहीतरी विकायला हवे होते. ते काहीतरी म्हणजे अफू. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची मुंबईहून. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या अनेक धनाढ्य व्यापारी घराण्यांच्या संपत्तीत आणि त्यांच्या दानधर्मातही या व्यापाराचा वाटा होता. ज्या इमारतींकडे मुंबईकर अभिमानाने पाहतो त्यांपैकी काहींच्या पायातील दगड या हिशेबातून आले आहेत, याची आठवण करून दिलेली पुष्कळांना रुचत नाही. ऑगस्ट १८४१ मध्ये ब्रिटिश आरमाराने अमॉय घेतले. १८४२ च्या नानकिंग तहाने जी पाच बंदरे इंग्रजांना खुली झाली त्यांत शांघाय, निंगपो, फूचौ आणि कँटन यांच्या बरोबरीने अमॉयचे नाव होते.

माणसांची निर्यात

बंदर खुले झाले, चहाही गेला. पण अमॉयमधून बाहेर पडलेली सर्वांत मोठी चीज म्हणजे माणूस. १८४७ पासून येथून कराराने बांधलेले मजूर क्यूबाकडे जाऊ लागले. फसवून, कर्जात गुंतवून, प्रसंगी पळवून आणलेल्या या माणसांना किनाऱ्यावर कोंडून ठेवीत. १८५२ मध्ये मजूर पुरवणाऱ्या दलालांविरुद्ध शहरात दंगल उसळली. ब्रिटिश नौसैनिकांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. त्याहून कितीतरी अधिक लोक नातलगांच्या ओळखीने सिंगापूर, मलाया, जावा, फिलिपाइन्स येथे गेले. रबराच्या मळ्यात, गोदीत, किराणा दुकानात त्यांनी आयुष्य काढले आणि गावी पैसे पाठवले.

हे पैसे पाठवण्याची रीत मोठी विलक्षण होती. बँक नाही, टपाल नाही. ओळखीचा माणूस गावी निघाला की त्याच्यापाशी रक्कम आणि चिठ्ठी द्यायची. यातूनच पुढे पेढ्या उभ्या राहिल्या. लिफाफ्याच्या डाव्या अंगाला रकमेचा आकडा, आत पत्र. पैसे घरपोच झाले की घरून पोचपावती म्हणून उलट पत्र यायचे. त्यांत सुनेच्या बाळंतपणापासून कौले बदलण्यापर्यंत सर्व हकिगत असे. 'रौप्यपत्रे' म्हणता येतील अशा या पत्रांचा संग्रह २०१३ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात नोंदवला. मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनीऑर्डरीवर घर चालवलेल्या कोकणातील कुटुंबाला या पत्रांचा मजकूर समजावून सांगावा लागणार नाही.

अशा परदेशस्थांपैकी एकाचे नाव शियामेनच्या कोणत्याही इतिहासात टाळता येत नाही. तान का की याचा जन्म १८७४ साली शियामेनसमोरच्या जिमेई गावचा. १८९० मध्ये तो सिंगापूरला वडिलांच्या तांदळाच्या दुकानात आला. वडिलांचा धंदा बुडाला तेव्हा कायद्याने बंधन नसतानाही त्याने ते देणे फेडले. अननसाचे डबे, मग रबर, मग रबरी बूट, असा त्याचा व्याप वाढला. १९१३ मध्ये त्याने गावी प्राथमिक शाळा काढली. जागा मिळेना म्हणून मासे पाळण्याचे तळे विकत घेतले आणि भरून काढले. त्यानंतर मुलींची शाळा, शिक्षक तयार करणारे विद्यालय, मासेमारी आणि नौकानयन शिकवणाऱ्या शाळा अशी मालिकाच निघाली. १९२१ साली शियामेन विद्यापीठ स्थापन झाले. कोक्सिंगाने जेथे फौजेला कवायत दिली असे सांगतात त्या मैदानावर त्याच्या इमारती उभ्या राहिल्या.

धनिकाने विद्यापीठ काढणे हे काही अपूर्व नव्हे. तान याचे वेगळेपण पुढच्या दशकात दिसते. १९२९ च्या जागतिक मंदीत रबराचे भाव कोसळले, धंदा बँकांच्या ताब्यात गेला आणि १९३४ मध्ये पेढी गुंडाळावी लागली. या काळातही विद्यापीठाचा खर्च बंद करावा ही धनकोंची सूचना त्याने मानली नाही. विद्यापीठासाठी त्याने राहती घरे विकली असे सांगतात. १९३७ साली संस्था सरकारच्या स्वाधीन केली तेव्हाच तो या भारातून मोकळा झाला. उद्योगपतीने नफ्यातून दान देणे वेगळे आणि तोट्यातून देणे वेगळे. महाविद्यालयाला देणगी देऊन पहिल्या वर्षीच आपल्या नावाची पाटी लावणारे दाते पाहिलेल्यांना हा फरक चटकन ध्यानी येईल.

या विद्यापीठाच्या नशिबी पुढे जे आले ते चीनच्याही नशिबी आले. लू शुन यांच्यासारख्या श्रेष्ठ साहित्यिकाने १९२६-२७ मध्ये काही महिने येथे शिकवले आणि कंटाळून ते निघून गेले. जपानी आक्रमणात विद्यापीठाला डोंगरातील छांगतिंग गावी बिऱ्हाड हलवावे लागले. १९५० पासून जवळजवळ दोन दशके वांग यानान हे त्याचे अध्यक्ष होते. मार्क्सच्या 'कॅपिटल'चे तिन्ही खंड चिनीत आणणाऱ्या दोघांपैकी ते एक. स्मिथ आणि रिकार्डो यांचेही भाषांतर त्यांनी केले. बीजिंगमधील एका शाळेतील नोकरी सुटलेल्या एका अबोल तरुणाला त्यांनी परत बोलावून विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसवले. त्या छेन जिंगरुन यांनी पुढे गोल्डबाखच्या सिद्धान्ताबाबत केलेले काम गणितज्ञांत जगन्मान्य झाले. वांग मात्र सांस्कृतिक क्रांतीच्या छळात १९६९ साली वारले.

तीस वर्षांची तोफ

ऑक्टोबर १९४९ मध्ये कम्युनिस्ट सैन्याने शियामेन घेतले आणि आठवडाभरातच किन्मेनवर चाल केली. कोळ्यांच्या होड्यांतून सुमारे नऊ हजार सैनिक उतरले. ओहोटीला होड्या वाळूत रुतल्या, कुमक येऊ शकली नाही आणि तीन दिवसांत ही तुकडी नष्ट झाली. किन्मेन च्यांग कै-शेकच्या हाती राहिले. तैवानचे मुख्य बेट तेथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर, तर शियामेन हाकेच्या अंतरावर. त्या तीन दिवसांनी शियामेनची पुढची तीस वर्षे ठरवली.

बंदराच्या तोंडाशी शत्रूची छावणी असताना व्यापारी जहाजे येणार कोठून? सरकारने कारखाने देशाच्या आतल्या भागात काढले. फूजियानच्या किनाऱ्यावर भांडवल गुंतवणे म्हणजे शत्रूच्या तोफेपुढे ते मांडणे होय, असा हिशेब होता आणि सैनिकी दृष्टीने तो चूक म्हणता येणार नाही. जी एक मोठी कामे झाली ती तान का की याच्या पाठपुराव्यातून: १९५५ मध्ये बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा दगडी बांध आणि त्यावरून आलेली रेल्वे. ऑगस्ट १९५८ मध्ये किन्मेनवर प्रचंड तोफमारा सुरू झाला. ४४ दिवसांत सुमारे दीडशे चौरस किलोमीटरच्या बेटावर ४ लाख ७० हजारांच्या आसपास गोळे पडले. त्यानंतर एक चमत्कारिक प्रथा पडली. विषम तारखेला गोळे डागायचे, सम तारखेला नाही. पुढे पुढे या गोळ्यांत दारूऐवजी प्रचारपत्रके भरलेली असत. उलट बाजूनेही तेच चाले. दोन्ही किनाऱ्यांवर ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहिल्या.

किन्मेनच्या लोहारांनी या गोळ्यांच्या पोलादाचे स्वयंपाकघरातील सुरे घडवले. ते इतके चांगले निघाले की, आज तो त्या बेटाचा प्रसिद्ध माल झाला आहे आणि चिनी मुख्य भूमीवरून येणारे प्रवासी तो हौसेने घरी घेऊन जातात. १ जानेवारी १९७९ रोजी बीजिंगने तोफमारा थांबवल्याचे जाहीर केले. अमेरिकेशी राजनैतिक संबंध जोडले गेले तोही हाच दिवस.

अडीच चौरस किलोमीटर

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, चीनने चार विशेष आर्थिक क्षेत्रे ठरवली. शेनझेन आणि झुहाई ही हाँगकाँग आणि मकाव यांच्या उंबरठ्यावर, शांटौ हे तिओच्यू बोलीच्या परदेशस्थांचे माहेर आणि शियामेन हे तैवानसमोर. निवडीमागील तर्क स्पष्ट आहे. भांडवल आणायचे ते आपल्याच भाषेच्या, आपल्याच कुळाच्या, पण पलीकडे गेलेल्या माणसाकडून. शियामेनच्या वाट्याला प्रारंभी हूली भागातील केवळ अडीच चौरस किलोमीटर जमीन आली. तेथे कारखान्यांना १५ टक्के कर, यंत्रसामग्रीवर आयातशुल्क माफ आणि जमीन मुदतीच्या भाड्याने. १९८३ मध्ये विमानतळ झाला, तोही कुवेतच्या कर्जातून. फेब्रुवारी १९८४ मध्ये डेंग झियाओपिंग येऊन गेले आणि क्षेत्राची मर्यादा संपूर्ण बेटापर्यंत वाढली.

तरीही पहिली काही वर्षे शियामेन शेनझेनच्या खूप मागे राहिले. सवलती त्याच होत्या, मजुरी तीच होती. फरक समोरच्या किनाऱ्यात होता. हाँगकाँगचे दार उघडे होते, तैवानचे बंद. १९८७ साली तैवानने लष्करी कायदा उठवला आणि नातलगांना भेटण्यासाठी मुख्य भूमीवर जाण्याची मुभा दिली, तेव्हा प्रथम म्हातारे सैनिक आले आणि त्यांच्या मागोमाग बूट, छत्र्या, विजेची उपकरणे बनवणारे कारखानदार. १९८९ मध्ये खाडीपलीकडील हायछांग येथे खास तैवानी गुंतवणुकीसाठी जागा राखून ठेवण्यात आली. करसवलत दिली की भांडवल धावत येते, असे मानणाऱ्या भारतीय धोरणकर्त्यांनी ही सात-आठ वर्षांची खोळंबलेली प्रतीक्षा नीट पाहिलेली दिसत नाही. २००० साली भारताच्या वाणिज्य मंत्र्यांनी चीनमधील अशी क्षेत्रे पाहिल्यावरच येथील 'सेझ' धोरण जाहीर झाले होते.

वेगाची किंमतही शहराने मोजली. बेटाच्या कुशीतील युनदांग खाडीला सत्तरच्या दशकात बांध घालून शेतजमीन काढण्याचा घाट घालण्यात आला होता. शेती फारशी झाली नाही. खाडीचे तळे झाले आणि नव्या कारखान्यांचे, वस्त्यांचे सांडपाणी त्यात साचून मासे मेले, बगळे उडून गेले. १९८८ मध्ये तळे शुद्ध करण्याचे काम हाती घेण्यात आले. त्या वेळी तेथे असलेल्या एका उपमहापौराचे नाव शी जिनपिंग. आज त्या तळ्यावर बगळे आहेत.

दुसरी किंमत अधिक जड होती. जेथे आयातशुल्क चढे असते आणि माल सोडण्याचा अधिकार मोजक्या हातांत असतो तेथे त्या हातांची किंमत ठरते. १९९९ मध्ये उघडकीस आलेल्या युआनहुआ प्रकरणाने हे दाखवून दिले. सरकारी आकड्यांनुसार लाई छांगशिंग याच्या पेढीने काही वर्षांत सुमारे ५३ अब्ज युआनचा माल चोरट्या मार्गाने आणला. त्यात मोटारगाड्या होत्या, सिगारेटी होत्या, खनिज तेलाची जहाजे होती. जकात अधिकारी, पोलीस, बँकवाले, पक्षाचे पदाधिकारी या जाळ्यात होते. अनेकांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. लाई कॅनडाला पळाला, बारा वर्षांनी त्याला परत आणले गेले आणि २०१२ मध्ये जन्मठेप झाली. मिंग काळातील चोरटा व्यापार बंदीतून जन्मला होता, हा सवलतीच्या परवान्यातून. खाडी तीच होती.

'फिरायला' निघालेले शहर

हायछांगमध्ये पेट्रोलजन्य रसायनांचा मोठा प्रकल्प आणायचा, ही योजना नव्वदीपासूनची. तैवानच्या सर्वांत मोठ्या उद्योगपतीचा बेत त्याच्याच सरकारने अडवला. मग २००० नंतर पॅराझायलिन हे रसायन वर्षाला ८ लाख टन बनवण्याच्या कारखान्याला मंजुरी मिळाली. गुंतवणूक १०.८ अब्ज युआनची. दरम्यान हायछांगमध्ये निवासी इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि कारखान्याची जागा त्यांना लागून होती.

मार्च २००७ मध्ये शियामेन विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाओ युफेन यांनी राष्ट्रीय सल्लागार परिषदेत शंभरांहून अधिक सदस्यांच्या सह्यांनिशी हा प्रकल्प अन्यत्र हलवावा, असा प्रस्ताव मांडला. वृत्तपत्रे स्थानिक दबावाखाली गप्प होती. बातमी फिरली ती मोबाइलवरच्या संदेशांतून. १ आणि २ जून रोजी हजारो लोक रस्त्यावर आले. मोर्चाला परवानगी मिळणार नव्हती, म्हणून त्यांनी त्याला 'फिरायला जाणे' म्हटले. शासनाने प्रकल्प थांबवला, डिसेंबरमध्ये जाहीर सुनावणी घेतली आणि तेथे बोलणाऱ्या बहुसंख्य नागरिकांनी विरोध नोंदवला. कम्युनिस्ट राजवटीत एका शहराने एवढा मोठा कारखाना परतवून लावावा, ही गोष्ट लहान नव्हती. तान का की याने तोट्यात चालवलेल्या विद्यापीठाने शहराला काय दिले याचे उत्तर त्या प्रस्तावाच्या पहिल्या सहीत सापडते.

पण हकिगत येथे संपत नाही आणि बहुतेक कौतुकपर लेखांत तिचा पुढचा भाग गाळला जातो. कारखाना रद्द झाला नाही. तो दक्षिणेला झांगझौ जिल्ह्यातील गूलेई द्वीपकल्पावर गेला. तेथील आणि जवळच्या दोंगशान भागातील लोकांनीही २००८ च्या प्रारंभी निषेध केला. ते कोळी होते, शिंपले आणि मासे पाळणारे होते. त्यांच्यापाशी विद्यापीठ नव्हते, महाग घरे नव्हती, परिषदेत बोलणारे कोणी नव्हते. कारखाना उभा राहिला. जुलै २०१३ मध्ये तेथे स्फोट झाला. एप्रिल २०१५ मध्ये पुन्हा, याहून मोठा झाला. हजारोंना घरे सोडून जावे लागले. शियामेनच्या नागरिकांची भीती खरी होती, हे सिद्ध होण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात आग लागावी लागली.

महाराष्ट्रात त्याच सुमारास, सप्टेंबर २००८ मध्ये, रायगड जिल्ह्यातील पेण परिसरातील २२ गावांत 'सेझ'साठी जमीन द्यावी की नाही यावर मतदान झाले. तेथे प्रश्न शेतकऱ्यांना विचारला गेला होता. गूलेईच्या कोळ्यांना तो कोणी विचारला नाही. शियामेनच्या शहरवासीयांनाही तो आधी नव्हे, रस्त्यावर आल्यानंतरच विचारला गेला.

शियामेनच्या समोरची खाडी आता कशी आहे? जानेवारी २००१ मध्ये किन्मेनला थेट बोटी सुरू झाल्या. अर्ध्या तासाचा प्रवास. सणावाराला, लग्नकार्याला, खरेदीला लोक जाऊ-येऊ लागले. दोन्हीकडची बोली एक, कुलदैवते एक, आडनावेही तीच. ऑगस्ट २०१८ मध्ये मुख्य भूमीवरील जिनजियांगहून समुद्राखालून सुमारे सोळा किलोमीटर लांबीच्या नळाने किन्मेनला पिण्याचे पाणी मिळू लागले. ज्या किनाऱ्यावरून गोळे येत तिकडूनच पाणी आले, आणि किन्मेनमधील कित्येकांनी त्याचा आनंद मानला, तर तैपेईतील कित्येकांना त्यात नळाची तोटी शत्रूच्या हाती गेलेली दिसली. दोघांचेही म्हणणे सकारण आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये साथीच्या कारणाने बोटी बंद झाल्या. त्या जानेवारी २०२३ पर्यंत बंदच राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये किन्मेनजवळ तैवानी तटरक्षकांच्या पाठलागात एक चिनी होडी उलटली, दोन कोळी बुडाले आणि त्यानंतर चिनी तटरक्षक नौकांनी या पाण्यात गस्ती वाढवल्या.

शियामेनच्या पूर्वेला दादंग नावाचे बेट आहे. १९५८ मध्ये किन्मेनवर तोफा डागल्या गेल्या त्या ठाण्यांपैकी ते एक. समुद्रात भराव टाकून त्या बेटाचा विस्तार करण्यात आला आणि २०२२ साली तेथे शहराच्या नव्या, प्रचंड विमानतळाचे बांधकाम सुरू झाले. भरावाच्या कडेवरून किन्मेनची घरे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्या बेटावर लोकांचे दोन तट आहेत. विमानतळाला जोडणारा पूल किन्मेनपर्यंत यावा आणि धंदा वाढावा, असे व्यापाऱ्यांना वाटते. ज्यांचे बालपण विषम तारखांना भुयारात गेले अशा पिढीतील काहीजण मात्र पुलाचे नाव निघाले की, त्यावरून आधी कोण येईल, असे विचारतात.